बारा बोअरचा सफाई संच ठासणीच्या बंदुकीला चालतो का?

रेक्झिनच्या पाकिटात 'बंदूक सफाई संच' म्हणून जे मिळतं त्यात साधारण हेच सामान असतं: तीन तुकड्यांचा ॲल्युमिनियमचा गज, ब्रॉन्झच्या तारांचा ब्रश, लोकरीचा बोंडा, चिंधी ओवायचं टोक, एक बाटली सॉल्व्हंट आणि एक बाटली तेल. मध्ये मोडून उघडणाऱ्या, बारा बोअर मापाच्या काडतुसाच्या बंदुकीला हे सामान उत्तम. गोव्यात सत्तरी-सांग्याकडे बागायतीच्या राखणीला परवान्यावर ठेवलेल्या केपाच्या, म्हणजे तोंडातून काळी दारू ठासून टोपीने (केपाने) बार उडवायच्या ठासणीच्या बंदुकीला मात्र यातलं अर्धंच उपयोगी पडतं, आणि पैसे नेमके उरलेल्या अर्ध्याचे जातात.

सॉल्व्हंटपासून सुरुवात करू. ते बिनधुराच्या दारूचा चिकटा आणि शिशाचा लेप काढायला बनवलेलं असतं. काळ्या दारूचं प्रकरण वेगळं. सोरा, कोळसा आणि गंधक जळून जे उरतं त्यातला निम्म्याहून जास्त भाग घन असतो, आणि त्यात पोटॅशियमचे क्षार भरपूर. हे क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि लोखंड खातात. पेट्रोलियमच्या सॉल्व्हंटमध्ये ते विरघळत नाहीत, पाण्यात लगेच विरघळतात. म्हणजे बाटलीतल्या महाग द्रवापेक्षा विहिरीचं पाणी सरस. इंजिन ऑइल किंवा ग्रीस थेट काजळीवर चोपडलं तर डांबरासारखा थर बसतो आणि खाली गंज खुशाल वाढत राहतो.

आता गज. खरेदीआधी नळी मोजा. ठासणीच्या नळ्या पुष्कळदा काडतुसाच्या बंदुकीपेक्षा लांब असतात, आणि संचातला गज बुडापर्यंत पोचत नाही. मग सगळी घाण असते तो शेवटचा वीतभर भागच साफ व्हायचा राहतो. सांधेही कच्चे: गज डावीकडे फिरवला की आटे सुटतात आणि ब्रश आत राहतो. ॲल्युमिनियम मऊ, त्यात रेतीचे कण रुततात आणि नळीला ओरखडे पडतात. एकसंध पितळी गज वेगळा घेतलेला बरा.

ब्रश चांगला आहे, पण इथेच एक फसगत होते. मोडणीच्या बंदुकीत तो एका तोंडातून घालून दुसऱ्यातून बाहेर काढतात. ठासणीच्या नळीचं बूड बंद, त्यामुळे ब्रश तळाला टेकला की तारा उलट्या वळायला जागा मिळत नाही आणि तो अडकून बसतो. जोर लावून ओढू नका. गज उजवीकडे अर्धा वळसा फिरवत ओढला की तारा आडव्या होतात आणि ब्रश निघतो. खरं तर रोजच्या धुण्याला ब्रश लागतच नाही, घट्ट बसणारी सुती चिंधी पुरते.

धुण्याआधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करा. नळी रिकामी असताना गज किती आत जातो त्याची खूण गजावर कायमची कोरून ठेवा. खूण तोंडाच्या वर राहिली तर आत बार आहे, पुढे काही करू नका. टोपी काढलेली हवी. मग नळी दस्त्यापासून सोडवा, निपल (टोपी बसते ती भोकाची कळी) पान्याने काढा आणि बूड बादलीतल्या कोमट पाण्यात बुडवा. भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब पुरे. गजावरची चिंधी वर ओढली की निपलच्या भोकातून पाणी आत चढतं, खाली दाबली की काळं पाणी पिचकारीसारखं बाहेर येतं. कुजक्या अंड्याचा वास येणारच, तो गंधकाचा. बहुतेक वेळा तिसऱ्या बादलीला पाणी स्वच्छ येतं. उकळतं पाणी नळी लवकर वाळवतं खरं, पण त्यानंतर डोळ्यांदेखत तांबूस झाक चढते.

कोरड्या चार-पाच चिंध्या फिरवून नळी तोंड खाली करून उन्हात ठेवा. जुलैत ऊन कुठलं! तेव्हा पाणी हुसकावणारा स्प्रे निपलच्या आट्यांत मारून पुसा. पण तेवढ्यावर पावसाळा निघत नाही, वरून तेल हवंच. संचातलं तेल ठीक, शिवणयंत्राचं तेलही चालतं. दोन्ही पातळ असल्याने खाली ओघळतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी नवा हात द्यावा. खोबरेल टाळा: खवट झालं की त्यात आम्ल तयार होतं, आणि डिसेंबरच्या गार पहाटे ते थिजतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पांढरी चिंधी फिरवायची. ती तपकिरी निघाली तर धुणं अपुरं राहिलं.

पाकीटही बंदूक ठेवायला वापरू नका. रेक्झिन दमट हवा कोंडतं. सुती गवसणी बरी.

ठासण्याआधी तेल पुसलंच पाहिजे, नाहीतर दारू भिजते आणि बार उशिरा पेटतो. निपलची वाट मोकळी आहे का पाहायला रिकाम्या नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धरून एक टोपी उडवा. पातं हललं तर भोक साफ. भरल्यावर टोपी फुटूनही बार झाला नाही तर तोंड निर्जन दिशेला ठेवून निदान मिनिटभर थांबायचं.

निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करावी लागते, हा इथला खास हिशेब. २०२४ ला आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला आले, म्हणजे पाऊस अगदी तोंडावर. एवढ्या मुदतीला पातळ तेल टिकत नाही. जमा करताना बाहेरून मेण आणि तेल एकत्र वितळवून केलेला लेप द्या, नळीत जाड तेल घाला आणि तोंडाला बूच मारू नका. परत आणल्यावर पहिली चिंधी कोरडी घाला. तेलात भिजवलेली घातली तर गंज कुठे लागलाय ते कळत नाही.