पोर्तो रिको: आहे तसंच, की अमेरिकेचं ५१वं राज्य?

पोर्तो रिको हे कॅरिबियनमधलं अमेरिकेच्या ताब्यातलं बेट, पण राज्य नाही. त्याच्या राजधानीतला, सान हुआनचा माणूस १९१७पासून अमेरिकेचा नागरिक, पण राष्ट्राध्यक्ष निवडायला त्याला मत नाही. तोच फ्लोरिडात राहायला गेला की मत मिळतं! प्रतिनिधीगृहात बेटाचा एकच माणूस, तोही अंतिम मतदानाच्या हक्काविना. राज्य झालं तर दोन सिनेटर आणि लोकसंख्येनुसार प्रतिनिधी.

पैशांचं गणित एवढं सरळ नाही. आज बेटावरच्या कमाईवर बहुतेकांना केंद्राचा आयकर नाही. राज्य झाल्यावर तो लागेल. पण गरीब वृद्ध-अपंगांना त्याची झळ ती काय? उलट ‘एसएसआय’ हा गरीब वृद्ध-अपंगांसाठीचा केंद्राचा मासिक भत्ता, जो बेटावरच्यांना नाकारणं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये वैध ठरवलं, तो त्यांना मिळू लागेल. खरी झळ करसवलतीसाठी तिथे येऊन राहिलेल्या धनिकांना. त्यांच्यासाठी मी तरी गळा काढणार नाही.