कापडी मास्क की एन-९५?

साथीत मास्क लावावाच, हे माझं ठाम मत. प्रश्न कोणता लावायचा, एवढाच. जून २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही कोविडची साथ पसरलेल्या भागात, गर्दीत तीनपदरी कापडी मास्कचा सल्ला दिला. तो स्वस्त, धुऊन पुन्हा वापरता येतो. बोलता-खोकताना उडणारे आपले थेंब बरेच अडवतो. कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर मोकळ्या हवेत फिरायला पुरेसा.

पण बारीक कण त्यातून आत येतात. एन-९५ मात्र ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किमान ९५ टक्के कण गाळतो, तोही चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढीवाल्यांनी हे ध्यानात घ्यावं. झडपेचा नकोच, त्यातून आपला श्वास न गाळता बाहेर पडतो. खच्चून भरलेल्या केएमटी बसमध्ये, दवाखान्यात, किंवा घरात म्हातारं माणूस असेल तर खर्च सोसून एन-९५च घ्या. फक्त तो धुऊ नका.