अभ्यासिकेच्या पीसीवर डीप फ्रीझ: पावसाळ्यापासून वापरतोय, त्याचा अनुभव

लालबागला आमच्या अभ्यासिकेत सगळ्यांसाठी मिळून चार पीसी आहेत. एमपीएससीचे फॉर्म, अकरावीचं ॲडमिशन, आधारची पीडीएफ, बायोडेटा, दिवसभर कोणी ना कोणी बसलेलं असतंच. पावसाळ्यात चारही मशीनवर डीप फ्रीझ हे सॉफ्टवेअर टाकलं, आता दिवाळी उलटून गेली, बरेच जण विचारतायत म्हणून सविस्तर लिहितो.

काम कसं करतं तर विंडोजचा सी ड्राईव्ह 'फ्रोझन' करायचा, मग कोणी काहीही डाऊनलोड करो, सेटिंग बदलो, पेनड्राईव्हमधून शॉर्टकटवाला व्हायरस येवो, एकदा रिस्टार्ट मारलं की मशीन परत होतं तसं. आधी दर आठवड्याला कुठलातरी पीसी फॉरमॅटला जायचा, ते आता बंदच झालंय. फक्त डी ड्राईव्ह फ्रोझन न करता उघडा ठेवू नका, व्हायरस तिथे आरामात मुक्काम करतो.

पण मला खरं समाधान आहे ते डाऊनलोड्स फोल्डरचं. आधी तिथे लोकांची आधार, पॅन, जातीचे दाखले, मार्कशीट सगळं तसंच पडलेलं असायचं. त्यात आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्माचं वर्ष, शेजारी बसलेल्यालाही जमेल असा. चाळीतली मुलं विश्वासाने आपल्याकडे येतात हो, त्यांची कागदपत्रं अशी उघड्यावर राहणं मला अजिबात मान्य नाही.

आता महत्त्वाचं. हे सगळं रिस्टार्ट केलं तरच. एक जण उठला आणि दुसरा लगेच बसला तर पहिल्याचं जीमेल समोर उघडंच असतं, फ्रीझ असो वा नसो. म्हणून डेस्कटॉपवर 'माझं काम झालं' नावाचा मोठा शॉर्टकट केलाय, त्यात विंडोजची शटडाऊन कमांड, पुढे स्लॅश आर, स्लॅश टी, शून्य, क्लिक केलं की मशीन लगेच रिस्टार्ट. जुन्या हार्डडिस्कवर परत चालू व्हायला इतका वेळ लागायचा की लोक कंटाळून तसेच बसायचे, एसएसडी, म्हणजे नवीन प्रकारची वेगवान डिस्क, टाकल्यावर कुणाची कुरकुर नाही. बजेट कमी असेल तर आधी एसएसडी घ्या असं मी सांगेन.

सेव्ह केलेलंही जातं हे मात्र प्रत्येकाला तोंडी सांगावं लागतं. बायोडेटा टाईप केला की लगेच स्वतःला मेल करा नाहीतर पेनड्राईव्हवर घ्या, पाटी लावलीये पण पाटी कोण वाचतं. व्हॉट्सॲप वेब वापरलं असेल तर फोनमधल्या लिंक्ड डिव्हायसेसमधूनही लॉगआऊट करायला लावतो.

अपडेटही फ्रोझन असताना टिकत नाहीत, त्यासाठी ठरवून मशीन 'थॉ' करायचं, म्हणजे फ्रीझ तात्पुरतं काढायचं, आम्ही रविवारी दुपारी करतो. हे टाळू नका, रिस्टार्टने घाण साफ होते पण ती जिथून आली ते भोक तसंच राहतं. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्टही 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय. बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या सेटिंगला, पासवर्ड आणि पेनड्राईव्हवरून बूट (मशीन चालू करणं) बंद हेही करा, नाहीतर बाहेरून बूट करून फ्रीझ बाजूला ठेवता येतं.

आणि कीबोर्डच्या वायरीला कोणी छोटा कीलॉगर, म्हणजे टाईप केलेलं सगळं टिपून ठेवणारं यंत्र, लावला तर कुठलंच सॉफ्टवेअर तो पकडेल असं नाही. म्हणून रोज सकाळी कुलूप उघडलं की आधी चारही मशीनच्या मागचे यूएसबी पोर्ट बघतो, आणि नेटबँकिंग इथे करू नका असं सगळ्यांना स्पष्ट सांगतो.