दहावीच्या सरावाची गणितं: जुन्या प्रश्नपत्रिका, स्प्रेडशीट की एआय?

वर्गसमीकरणांचा धडा शिकवून झाला की बालभारतीच्या पुस्तकातले सरावसंच पटापट संपतात. काही मुलांना तेवढा सराव पुरतो. बाकीच्यांना आणखी वीस-पंचवीस उदाहरणं लागतात, आणि तीही पायरीपायरीने अवघड होत जाणारी. ती आणायची कुठून? सध्या शिक्षकापुढे तीन वाटा आहेत: बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि बाजारातले प्रश्नसंच, गूगल शीट्स किंवा एक्सेलमध्ये स्वतः बनवलेली गणितं, आणि चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड यांसारखी एआय साधनं. माझं मत आधीच सांगते. गणितं तयार करायला किती वेळ लागतो हे पाहून निवड करू नका. उत्तरं तपासायला किती वेळ लागेल ते पाहा. चुकीचं गणित मुलाच्या हातात पडलं तर ते मूल गणिताला दोष देत नाही, स्वतःला देतं.

जुन्या प्रश्नपत्रिकांना परीक्षेच्या तयारीत पर्याय नाही. गणित भाग १ आणि भाग २, प्रत्येकी ४० गुण आणि दोन तास. त्यात ‘खालील कृती पूर्ण करा’ म्हणून रिकाम्या चौकटींचे प्रश्न असतात. हा साचा मुलांच्या अंगवळणी पडावा लागतो आणि तो खऱ्या प्रश्नपत्रिकेतूनच पडतो. अडचण अशी की या प्रश्नपत्रिका संख्येने मोजक्या आहेत आणि क्लासला जाणाऱ्या मुलांनी त्या आधीच सोडवलेल्या असतात. शिवाय जो मुलगा सातवीच्या अपूर्णांकांतच अडकला आहे, त्याला त्यांचा काहीच उपयोग नाही. अर्थनियोजनाच्या धड्यात आणखी एक गोष्ट सांभाळा. पुस्तक २०१८ चं आहे, त्यामुळे त्यात जीएसटीचे १२ आणि २८ टक्के हे दर येतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रत्यक्षात मुख्य दर ५ आणि १८ टक्के झाले, काही मोजक्या वस्तूंना ४०. मुलांना सांगून ठेवा की गणितात दिलेला दर धरायचा, दुकानातल्या बिलावरचा नाही.

आता शीटकडे. फार थोडे शिक्षक ही वाट वापरतात याचं मला वाईट वाटतं, कारण नुसत्या आकडेमोडीच्या सरावासाठी तिच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. युक्ती उत्तरापासून सुरू करण्याची आहे. पहिल्या दोन रकान्यांत रँडबिटवीन या फंक्शनने −९ ते ९ मधल्या दोन संख्या घ्या. या झाल्या समीकरणाच्या मुळांच्या किमती. तिसऱ्या रकान्यात त्यांच्या बेरजेचं चिन्ह बदलून लिहा, चौथ्यात त्यांचा गुणाकार. झाले क्ष चा सहगुणक आणि स्थिरपद तयार. ओळ खाली ओढली की पन्नास समीकरणं, प्रत्येकाचं उत्तर शेजारी, आणि सूत्र एकदा बरोबर असलं की पुढे तपासायला काही उरत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: शीटमध्ये कुठेही काही बदललं की आकडेही बदलतात, म्हणून छापण्याआधी सगळं कॉपी करून ‘फक्त मूल्ये’ असं पेस्ट करा. अंकगणिती श्रेढी, दोन बिंदूंमधलं अंतर, शेकडेवारी, जीएसटी, सगळं असंच होतं. उणीव एवढीच की सगळ्या गणितांचा चेहरा सारखा असतो. विचार करायला लावणारं उदाहरण शीट देत नाही.

खालच्या वर्गात वजाबाकीचा सराव हवा असेल तर यातलं काहीच लागत नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी दाखवलेली रीत घ्या: कोणतीही चार अंकी संख्या, सगळे अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच. मुलं स्वतःहून पुढची संख्या घेतात. मात्र मध्ये हातच्याची चूक झाली तरी शेवट ६१७४ वरच होऊ शकतो, म्हणून प्रत्येक वजाबाकीच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज ९ च्या पटीत येते का ते पाहा; नाही आली तर चूक झाली आहे.

एआयची खरी ताकद या दोन्हींत नसलेल्या जागी आहे. पहिली, शाब्दिक उदाहरणं. लासलगावच्या बाजार समितीतला दोन प्रतींचा कांदा, एसटीचं पूर्ण आणि अर्धं तिकीट, बचत गटाची दरमहा वाढती बचत. गावच्या मुलांना ओळखीचे वाटतील असे प्रसंग ते चुटकीसरशी रचतं. भाव आणि प्रमाण मात्र तुम्ही द्या, नाहीतर क्विंटलचा भाव किलोच्या भावासारखा येतो. दुसरी, आणि माझ्या मते जास्त मोलाची, ती ठरावीक चुकीवर नेम धरण्याची. ‘कंसाबाहेर वजा चिन्ह असताना आतली चिन्हं बदलायला विसरणाऱ्या मुलांसाठी आठ उदाहरणं दे, आणि चूक केली तर कोणतं उत्तर येईल तेही लिही’ असं सांगितलं की तपासणाऱ्या शिक्षकाला उत्तरावरूनच चूक कळते. तिसरी, एका वेळी एकच गोष्ट बदलणारा संच मागता येतो:

क्ष² − ७क्ष + १२ = ०
क्ष² + ७क्ष + १२ = ०
क्ष² − क्ष − १२ = ०
क्ष² + क्ष − १२ = ०

चारही ठिकाणी आकडे ३ आणि ४ चेच, बदलतात ती चिन्हं. अशा चार समीकरणांतून मुलाला चिन्हांचा खेळ जेवढा समजतो, तेवढा विखुरलेल्या चाळीस समीकरणांतून समजत नाही.

पण तपासणी इथेच महाग पडते. भाषेचं हे यंत्र एकापुढे एक शब्द रचत जातं. प्रश्न आधी लिहिला जातो, उत्तर नंतर शोधलं जातं, त्यामुळे उत्तर मुळात असेलच याची खात्री नसते. उदाहरणार्थ: ‘दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ९ आहे. अंकांची अदलाबदल केल्यास मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २० ने मोठी आहे.’ वाचायला निर्दोष. मात्र अदलाबदलीतला फरक नेहमी ९ च्या पटीत येतो, म्हणून हे गणित सुटणारच नाही. २० च्या जागी २७ असते तर उत्तर ३६ आलं असतं. वर्तुळाच्या धड्यातही हेच. त्रिज्या ५, केंद्रापासूनचं अंतर १३, स्पर्शिकाखंड १२ हे जमतं, पण अंतर १२ दिलं की स्पर्शिकाखंड √११९ येतो आणि मूल गोंधळतं. म्हणून सूचनेतच लिहा: आधी उत्तर ठरव, मग त्यावरून प्रश्न रच, शेवटी प्रोग्रॅम चालवून पडताळ. चुका बऱ्याच कमी होतात. तरी गणित सुटणं आणि ते शहाणपणाचं असणं वेगळं, मजुरांची संख्या साडेसात आली तर ती तुम्हालाच पकडावी लागेल.

मराठी माध्यमासाठी एक अट आणखी: धड्यांची नावं आणि संज्ञा पुस्तकाबरहुकूम द्या. नाहीतर संभाव्यतेच्या जागी हिंदीतली प्रायिकता येते, आणि मध्य आणि मध्यक यांची सरमिसळ झाली तर गणितच बदलतं. सेमी इंग्रजीच्या वर्गाला ही अडचण नाही.

भाग २ साठी, म्हणजे भूमितीसाठी, एआयवर विसंबू नका. ‘सोबतच्या आकृतीत’ असं लिहिलेलं असतं आणि आकृती नसते, किंवा असते तेव्हा त्यातला काटकोन काटकोन नसतो. समरूपता, वर्तुळ, रचना यांसाठी जिओजेब्रा हे आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर वापरा. ते मोफत आहे, आणि बिंदू सरकवला तरी स्पर्शिका स्पर्शिकाच राहते.

साधन थेट मुलांच्या हाती द्यावं का? मी देणार नाही. तुर्कस्तानात सुमारे एक हजार हायस्कूल विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात, जीपीटी-४ ची साधी चॅट वापरणाऱ्या मुलांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. पण साधन काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ती मुलं, ज्यांना ते कधी मिळालंच नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्के मागे पडली. शिक्षकांनी आखलेले, उत्तर न सांगता इशारे देणारे साधन मिळालेल्या गटात हे नुकसान बहुतांशी झालं नाही. म्हणून एआय शिक्षकाकडे राहू द्या, मुलांना कागद द्या. आणि ‘आमच्या वर्गातल्या अमुकला हे जमत नाही’ असं लिहिताना मुलाचं नाव, हजेरी क्रमांक, गुण काहीही त्यात टाकू नका.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनी या वाटा एकत्र आणाव्यात. गूगल शीट्स मोबाइलवरही चालतं. एआयकडून गणितं मागू नका, शीटसाठी सूत्रं मागा: ‘अंकगणिती श्रेढीची पहिली दोन पदं आणि पदांची संख्या यादृच्छिक घे, पुढच्या रकान्यात बेरीज काढ.’ मिळालेलं सूत्र चार-पाच ओळींवर हाताने पडताळून पाहा. बरोबर असेल तर तपासणी तिथेच संपली, आणि पुढच्या वर्षीच्या वर्गालाही तेच शीट चालेल.