लॉजची खोली की छोट्या हॉस्टेलमधला बेड?

एकट्याने, हात राखून खर्च करत फिरायचं तर मुक्कामाचे दोनच पर्याय उरतात: साध्या लॉजमधली स्वतंत्र खोली किंवा प्रवाशांसाठीच्या छोट्या हॉस्टेलच्या डॉर्ममधला, म्हणजे अनेकांच्या सामायिक खोलीतला, बेड. दोन्हीकडे मी भरपूर राहिलो आहे. भाडं, वायफाय, गादी यांची तुलना बुकिंग करताना दिसतेच, म्हणून त्यात शिरत नाही.

झोपेच्या बाबतीत लॉज सरस. दार लावलं की खोली आपली. डॉर्ममध्ये कुणाला ना कुणाला पहाटेची गाडी गाठायची असते आणि अंधारात प्लास्टिकच्या पिशव्यांची चुरचुर सुरू होते. इयरप्लगने ती बरीच दबते. घोरण्याचा खर्जातला आवाज मात्र त्यातूनही पोचतो. झोप फारच सावध असेल तर पुढचं न वाचता लॉज घ्या.

तरी माझं पारडं हॉस्टेलकडे झुकलं ते शेवटच्या दिवसामुळे. खोली सकाळीच सोडायची असते आणि गाडी असते रात्रीची. मधल्या वेळात लॉजवाले फार तर बॅग काउंटरमागे ठेवून घेतात. खोलीची किल्ली परत केली की तिच्यासोबत न्हाणीघर, चार्जिंगचा प्लग, टेकायची जागा, सगळंच जातं. एकदा दिवसभर उन्हात हिंडून घामाघूम होऊन परतलो, पुढे रात्रभराचा प्रवास, आणि तोंड धुवायलाही आत जाता येईना. काउंटरवरच्या माणसाचं नियमाने चुकत नव्हतं, खोली दुसऱ्याला दिलेली होती. शेवटी जिन्याच्या वळणावर उभं राहून शर्ट बदलला आणि तसाच गाडीत बसलो. तो चिकटपणा सकाळपर्यंत अंगावर होता.

हॉस्टेलमध्ये सामायिक न्हाणीघर ही उणीव म्हणून मोजली जाते. शेवटच्या दिवशी तीच सोय ठरते. बेड गेला तरी न्हाणीघर तिथेच असतं, बसायची खोली असते, बॅग समोर असते. संध्याकाळी आंघोळ करून, फोन चार्ज करून निवांत निघता येतं. निदान माझ्या अनुभवात छोट्या हॉस्टेलांनी याला कधी नाही म्हटलं नाही. मोठ्या हॉस्टेलांचं मात्र सांगवत नाही. तिथे बऱ्याचदा कार्डाने दारं उघडतात आणि चेक-आउटची वेळ झाली की कार्ड बंद पडतं. छोट्या जागी सांभाळणारा माणूस आपल्याला चेहऱ्याने ओळखतो, तिथे एवढं अडत नाही.

हॉस्टेलची कल्पनाच आडोशातून आली आहे. 1909 साली रिचर्ड शिरमान हे जर्मन शिक्षक मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले असताना वादळात सापडले आणि रात्री एका गावातल्या शाळेत थांबले. सुट्टीत रिकाम्या शाळा अशा वापरता येतील, हे त्यांना तिथे सुचलं. 1912 साली जर्मनीतल्या आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा वसतिगृह उभं राहिलं. पुढे जुन्या पद्धतीच्या अनेक वसतिगृहांनी दिवसा सगळ्यांना बाहेर काढून दारं बंद ठेवायची शिस्त लावली, आणि ती अजून पाळणारी ठिकाणं आहेत. तिथे माझा मुद्दा लागू पडत नाही.

दोघं असाल तर गणित बदलतं: दोन बेडचं भाडं बहुतेक वेळा एका खोलीच्या आसपास जातं, मग खोलीच बरी. फोनवर कामाचं बोलणं असेल, अंगात कणकण असेल, तरीही खोलीच.

हॉस्टेल ठरलंच तर स्वतःचं कुलूप न्या, खालचा बेड मागून घ्या आणि सामान टेकवण्याआधी गादीच्या शिवणीत ढेकणांचे काळे ठिपके दिसतात का ते पाहा. बुकिंगच्या आधी फोन करून एवढं मात्र विचारा: बेड सोडल्यावर संध्याकाळपर्यंत बसता येईल का, आणि आंघोळ करता येईल का? उत्तर देताना समोरचा चाचरला, तर मी दुसरं हॉस्टेल बघतो.