हार्ट अटॅकनंतरचं जेवण: छापील तक्ता, डबा की आहारतज्ज्ञ?

सासऱ्यांना गेल्या वर्षी हार्ट अटॅक आला. एक स्टेंट टाकला, पाचव्या दिवशी घरी सोडलं. फाइलमध्ये गोळ्यांच्या यादीमागे एक झेरॉक्स होती, आहाराचा तक्ता. पुढच्या चार महिन्यांत आम्ही तक्ता, डबा आणि आहारतज्ज्ञ असं तिन्ही करून बघितलं. सध्या तुमच्या घरी हाच घोळ चालू असेल, तर आमचा अनुभव असा.

तक्ता फुकट मिळतो आणि पहिल्या आठवड्याला तेवढा पुरतो. त्या दिवसांत भूकच नसते. मऊ भात, मुगाचं वरण, दुधीची भाजी, थोडं थोडं चार-पाच वेळा दिलं की झालं. पुढे मात्र तो अपुरा पडतो, कारण तो कुणा एकासाठी बनवलेलाच नसतो. आमच्या तक्त्यात संध्याकाळी ‘मारी बिस्किटे 2’ होती. मैदा आणि साखर हृदयाला कधीपासून मानवायला लागली, देव जाणे! मिठापुढे नुसतं ‘कमी’. कमी म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. लोणचं, पापड, फरसाण सगळं त्यातच आलं.

मग डबा. माझी नोकरी, सासूबाईंचे गुडघे, म्हणून खास हृदयरुग्णांसाठीचा म्हणून एक डबा महिनाभर लावला. वेळेवर यायचा, पोळ्यांना तेल नसायचं, रोज एक उसळ असायची. सासरे चौथ्या दिवशी म्हणाले, “डबा झकास आहे गं,” तिथेच मला शंका आली. चाखून बघितला तर तेल खरंच कमी होतं, पण चव सगळी मिठावर आणि चाट मसाल्यावर काढलेली. फोन करून विचारलं तर, “ताई, मीठ कमीच असतं.” शिवाय सासरे डबा उघडून बसायचे आणि शेजारी आमचा तांबडा रस्सा. कोल्हापूरच्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

तरी डब्याला सरसकट नाही म्हणणार नाही. दोघं म्हातारे एकटे, मुलं बेंगळुरूला नाहीतर बॉस्टनला, अशा घरात दुसरा इलाज नसतो. अशा वेळी आमटी-भाजी बिनमिठाची द्यायला सांगा आणि ताटावर मोजून मीठ घ्या. जो डबेवाला याला तयार होत नाही, तो बाकी कितीही चांगला असला तरी नको.

आहारतज्ज्ञाला पैसे पडतात. पण बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “पाच लिटरचा तेलाचा डबा तुमच्याकडे किती दिवस जातो?” पाच आठवडे. आम्ही चार माणसं. माणशी महिन्याला अर्धा लिटर धरला तर तो अडीच महिने जायला हवा! मिठाचंही तेच. सकाळी एका वाटीत चौघांचं चार सपाट चमचे मीठ काढून ठेवायचं आणि दिवसभर त्यातूनच घ्यायचं. पहिल्या दिवशी दुपारी दोनलाच वाटी रिकामी झाली. कणकेत किती मीठ जातं, ते तेव्हा कळलं. आता पोळ्या बिनमिठाच्या असतात आणि कुणाच्या लक्षातही आलेलं नाही.

त्यांनी बंदी फारशी घातली नाही, अदलाबदल सुचवली. वरणावर तूप अर्धा चमचा चालेल, पण पांढऱ्या रश्श्यातलं नारळाचं दूध कमी करा. त्या दुधातली चरबी खोबरेल तेलाचीच, आणि खोबरेल तेलात जवळजवळ 90 टक्के संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी चरबी असते. फोडणीला करडई किंवा शेंगदाणा. बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा, पण तळून नाही, कालवणात. जवसाची चटणी चालेल, मीठ बेताचं.

आणि एक गोष्ट तक्ता किंवा डबेवाला कधीच सांगणार नाही. सासऱ्यांनी ‘सैंधव चालतं’ म्हणून तेच सुरू केलं होतं. त्यातही सोडियम, म्हणजे मिठातला रक्तदाब वाढवणारा भाग, असतोच. दुकानात मिळणारं कमी सोडियमचं मीठ तर आणखी जपून, कारण त्यात पोटॅशियम असतं. रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. बाईंनी गोळ्यांची यादी बघून कमी सोडियमचं मीठ नको म्हटलं आणि आधी डॉक्टरांना विचारायला लावलं.

अर्थात सगळेच असे नसतात. नावापुढे ‘आरडी’ (रजिस्टर्ड डाएटिशियन, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ) आहे का बघा. स्वतःचीच पावडर विकणारा किंवा ‘नुसत्या आहारावर कोलेस्टेरॉल खाली आणतो, गोळी बंद करा’ म्हणणारा असेल तर खुर्चीवरून उठा. वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोनं वाढलं किंवा पाय सुजले, तर फोन आहारतज्ज्ञाला नाही, डॉक्टरांना.

माझं मत विचाराल तर, घरात रांधणारं कुणी असेल तर डब्याचे पैसे वाचवा आणि त्यात आहारतज्ज्ञाच्या दोन-तीन भेटी बसवा. पहिल्या भेटीला, घरात जो स्वयंपाक करतो त्याला न्या; पेशंट एक वेळ नसला तरी चालेल. पेशंटसाठी वेगळं शिजवू नका. महिनाभरात रांधणारीही कंटाळते आणि खाणाराही. सगळ्यांचंच बदला.

आमचा तेलाचा डबा आता दोन महिने जातो. अजून पंधरा दिवसांची तूट आहे. ती रविवारच्या रश्श्यात जाते, हे मला आणि सासूबाईंना, दोघींनाही माहीत आहे.