महिला आरोग्य समितीची नियोजन बैठक: सोलापूरच्या पूर्व भागात कितपत उपयोगी?

राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ साली आलं. वस्तीतल्या ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती आणि तिला वर्षाला ५,००० रुपये अबंधित निधी (म्हणजे समितीने स्वतः ठरवून खर्चायचा), अशी त्यातली रचना. नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण ५०,००० लोकांसाठी असतं. एवढ्या मोठ्या केंद्राला गल्लीतलं दुखणं कळायचं तर ते समितीच्या नियोजन बैठकीतूनच.

पण बैठक सकाळी अकराला ठेवली की ती वाया गेलीच म्हणून समजा. त्या वेळी विडी कामगार बाई एकतर विड्या द्यायला कारखान्यात गेलेली असते, नाहीतर मांडीवर सूप घेऊन बसलेली. तासभर उठली तर तेवढ्या विड्या कमी, म्हणजे मजुरी कमी. समाजमंदिरात बोलावण्यापेक्षा चार-पाच जणी विड्या वळत बसतात त्या ओट्यावरच बैठक घ्यावी. आशा ताई तेलुगू बोलणारी असेल तर बाया मोकळ्या होतात, हा फरक फार मोठा आहे.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं ठरतं. “तुमच्या समस्या काय?” विचारलं की “गटार आणि पाणी” एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं, पिंपं किती, तळ कधी दिसतो? डेंगीचा डास अंड्यातून साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतो, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करायचा दिवस, पाळायला सांगतात. पण शहरात पाणी काही दिवसांआड येतं. भरलेलं पिंप कोण ओतून देईल? तेव्हा सगळ्या शहराला एकच वार न ठरवता, त्या गल्लीत पाणी यायच्या आदल्या दिवशी पिंप घासायचं ठरवावं. घासायचंच, नुसतं उपडं करून भागत नाही. अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. ही एक गोष्ट आराखड्यात गेली तरी बैठकीचं चीज झालं.

खोकल्याचंही तसंच. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी हवी, पण त्यासाठी कामाचा दिवस मोडायला कोणी तयार नसतं. डबी आदल्या संध्याकाळी घरी पोचवून सकाळचा नमुना आशा ताईंनी नेला, तर एक खेप वाचते.

भाडेकरू कुटुंबं मात्र वस्तीच्या नकाशातून हमखास सुटतात. घरमालकाच्या नावाने घर मोजलं की मागच्या खोलीतली गरोदर बाई यादीत येतच नाही. घरं नको, चुली मोजा.

एकूण बैठकीला पाचपैकी तीन गुण. दोन कापले ते वरून उत्तर येत नाही म्हणून. मागणी लिहिताना गल्ली, घरांची संख्या, नेमकं काय हवं आणि कधीपर्यंत, एवढं हवंच. नवं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे कागद दिवाळीनंतर लगेच केंद्रात द्यावा आणि पोच घ्यावी. पुढच्या बैठकीत सगळ्यात आधी ती पोच वाचावी.